टेबलावर सापडलेली पुस्तकं

संदर्भ विभागातल्या बाईंचा नियम एकच होता आणि तो त्यांनी सव्वीस वर्षं लोकांच्या डोक्यावर मिरे वाटून शिकवला होता. पुस्तक जिथून काढलं तिथंच परत ठेवायचं. त्याच कप्प्यात नव्हे, त्याच जागी. डावीकडून पाचवं काढलं तर डावीकडून पाचवंच. सहावं ठेवलंत तर बाई काही बोलायच्या नाहीत, नुसत्या चष्म्याच्या वरून बघायच्या. त्या बघण्यानं भली भली माणसं अर्ध्या जिन्यावरून परत वर आलेली आहेत.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? तर बाकीच्या ग्रंथालयांत याच्या बरोब्बर उलट पाटी असते. 'वाचून झालेलं पुस्तक कृपया टेबलावरच ठेवा.' कारण वाचकानं भलत्या जागी खुपसलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच पुस्तक, ते पुन्हा सापडायला नशीब लागतं. बाईंना हे मुळीच पटत नसे. "म्हणजे माणूस चुकणार हे आधीच धरून चालायचं? वा रे वा! चुकतो तर शिकवा की त्याला!" त्यांनी शिकवलं. पहिली चार-पाच वर्षं रुसवेफुगवे झाले, दोघं-तिघं कायमचे खालच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत पळाले, पण उरले ते असे तयार झाले की डोळे बांधले तरी पुस्तक जागेवर जाईल.

खोली पहिल्या मजल्यावर, जिना चढून डावीकडे. पाच कपाटं, चार टेबलं आणि एक पंखा. पंखा दोनवर ठेवला की कुरकुरतो आणि तीनवर ठेवला की कागद उडवतो, त्यामुळे तो बहुतेक बंदच. खिडकीजवळचं कपाट बाईंच्या जिवाचं. त्यावर पाटी, 'भारत : अर्थव्यवस्था आणि समाज'. त्यात कोश, वार्षिकं, नकाशांची जाडजूड पुस्तकं, मजुरीची आकडेवारी, कोण कुठून उठून कुठं कामाला गेलं त्याच्या पाहण्या, आणि गेल्या एक-दोन वर्षांत निघालेली नवी कोरी पुस्तकं. संदर्भाची असल्यामुळे यातलं एकही घरी नेता येत नाही. बसा, वाचा, हवं ते उतरवून घ्या आणि जागेवर ठेवा.

"असली पुस्तकं वाचतं तरी कोण गं?" बाईंचे यजमान विचारायचे. ते निवृत्त वायरमन, घरी बसून बायकोची चेष्टा करणं हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग.

"माणसं वाचतात. तुम्ही एकदा येऊन बघा."

"मी नाही बाबा येत. मी चुकून पुस्तक उलटं ठेवीन, आणि मग माझं जेवण बंद."

पण माणसं खरंच वाचायची. एक शिंपी होता, गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला. तयार कपड्यांनी आपल्या धंद्याचं कंबरडं कसं मोडलं, हे त्याला आकड्यांसकट माहीत करून घ्यायचं होतं. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की तो कात्री खाली ठेवून त्याला कापडधंद्याची गेल्या चाळीस वर्षांची हकीकत ऐकवायचा, आणि गिऱ्हाईक कंटाळून पैसे देऊन टाकायचं. एक गणिताचे निवृत्त मास्तर होते. ते मजकूर वाचायचेच नाहीत, फक्त तक्ते तपासायचे. एखाद्या तक्त्याची बेरीज चुकलेली सापडली की त्यांचा दिवस सोन्याचा व्हायचा. लगेच प्रकाशकाला पत्र. आणि एक नर्स होती, सगळे तिला ताई म्हणायचे. सकाळपाळी संपली की दुपारी चारला यायची, बाहेरून पदवीची परीक्षा देत होती, आणि बायकांच्या कामाबद्दल जे काही छापलेलं मिळेल ते वहीत उतरवून घ्यायची. असे आणखी वीसेक जण. ही सगळी बाईंची माणसं.

यंदा नवे ग्रंथपाल आले. वय असेल पस्तिशीचं, बोलायला गोड, कामाला चोख. माणूस वाईट असता तर बाईंना सोपं गेलं असतं, दोन शब्द सुनावून मोकळ्या झाल्या असत्या. पण साहेब चांगले होते. त्यांनी आल्या आल्या बाईंची नव्या पुस्तकांची यादी मागवून घेतली. बाईंनी वर्षभर प्रकाशकांच्या सूचीपत्रांवर पेन्सिलीच्या खुणा करकरून ती तयार केली होती. एक्केचाळीस पुस्तकं. लहान शहरांवर एक, घरोघर जाऊन केलेल्या पाहण्यांवर दोन, शाळा सोडणाऱ्या मुलींवर एक, पाण्याच्या वाटणीवर एक... पोरीच्या लग्नाची यादी करताना सुद्धा बाईंनी एवढा जीव ओतला नव्हता.

आठवड्यानं परिपत्रक निघालं. ग्रंथालयाच्या समितीनं ठरवलं होतं की पंधरवड्यात ज्या विभागातली निदान शंभर पुस्तकं वापरली जातील, त्याच विभागाला नवी पुस्तकं. शंभर भरली नाहीत तर कपाटं तळघरात जाणार आणि खोली समितीच्या बैठकांना मिळणार. समितीची बैठक वर्षातून दोनदा होते, पण ते असो.

परिपत्रक दोन पानी होतं. बाईंनी पहिलं पान वाचलं आणि हसून बाजूला ठेवलं. शंभर? आपल्याकडे पाच दिवसांत शंभर होतात! इथंच घोडं पेंड खात होतं. मोजायचं कसं, ते दुसऱ्या पानावर होतं.

पहिल्या शनिवारी साहेबांनी त्यांना खाली बोलावलं. "बाई, बसा."

"तुमच्या विभागात या आठवड्यात तीन पुस्तकं वापरली गेली."

"तीनशे म्हणायचंय का तुम्हाला?"

"तीन. मामांनी रोज दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला टेबलावर सापडलेली पुस्तकं मोजली." मामा म्हणजे शिपाई, निवृत्तीला दहा महिने राहिलेले. "जी पुस्तकं टेबलावर, ती वापरली गेली असं धरायचं. सगळीकडे अशीच पद्धत आहे, बाई. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं."

आणि त्या तिनांची तरी काय कथा! एक साहेबांनीच सोमवारी चाळायला काढलं होतं. दुसरं एका परगावच्या पाहुण्याचं. आणि तिसरा जुना कोश मामांनी पंखा पुसताना पायाखाली घेतला होता, तो तिथंच राहिला. बाईंना हे नंतर कळलं, आणि मामांचं त्या दिवशी काय झालं ते मी इथं लिहीत नाही.

"पण साहेब, माणसं येतात की! वहीत सह्या आहेत!"

"येतात, मान्य. पण येऊन पुस्तकंच वाचतात, निवांत बसायला येत नाहीत, याला पुरावा काय? समिती मला हेच विचारणार."

बाई जिना चढून वर आल्या. खोली कशी लखलखीत होती. टेबलावर चिटोरं नाही, एकेक पुस्तक जागच्या जागी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या स्वच्छ टेबलांचा राग आला. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तो सुद्धा रोज पुसून-झाडून!

सोमवारी त्यांनी प्रत्येकाला बजावलं, "आजपासून आठवडाभर पुस्तकं टेबलावरच सोडायची. उचलायची नाहीत."

मास्तरांनी चष्मा काढला. "बाई, परीक्षा घेताय ना आमची? आम्ही नाही फसणार." आणि समोरचं वार्षिक उचलून जागेवर ठेवून आले.

शिंप्यानं मात्र मनावर घेतलं. निळ्या पुठ्ठ्याचं मजुरीचं पुस्तक त्यानं टेबलावर सोडलं, छातीवर दगड ठेवून जिना उतरला, गल्ली ओलांडली, दुकान उघडलं. दहा मिनिटांनी धापा टाकत हजर! "बाई, काही सुचेना हो. एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली." पुस्तक जागेवर ठेवलं, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला. ताईचंही तेच. ती म्हणाली, वॉर्डात मी सुई उघडी ठेवून जाईन का? मग हे कसं जमेल मला?

आणि बुधवारी तर कहर झाला. तीन-चार नवखे विद्यार्थी आले होते, ते जाताना आठ पुस्तकं टेबलांवर पसरून गेले. आठ! बाईंना आनंदानं नाचावंसं वाटलं. सहा वाजायला वीस मिनिटं होती. बाई खुर्चीवर बसल्या, मग उठल्या, खिडकी लावली, परत बसल्या. नकाशांचं पुस्तक उघडंच पडलं होतं, त्याची शिवण ताणली जात होती, तेवढं फक्त मिटलं. मग मिटलेलं पुस्तक आडवं कशाला ठेवायचं, म्हणून उभं केलं. सहाला मामा कागद-पेन्सिल घेऊन आले तेव्हा टेबलं आरशासारखी स्वच्छ होती आणि बाई फडकं झटकत होत्या.

"बाई, इथं आठ होती ना? मी मघाशी दारावरून जाताना बघितली!"

बाईंनी हातातल्या फडक्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. जित्याची खोड, दुसरं काय!

मामांना दया आली. "जाऊ द्या हो. मी लिहितो वीस. उद्या पंचवीस लिहितो. कुणाच्या बापाला कळतंय?"

"मामा, खबरदार!" बाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की मामांच्या हातून पेन्सिल पडली. "या कपाटात काय आहे माहितेय? आकडे आहेत. कुणीतरी उन्हातान्हात दारोदार हिंडून, विचारून, लिहून आणलेले आकडे. ते खरे आहेत म्हणून त्या शिंप्याचा ऊर भरून येतो. आणि त्यांच्यासाठी मी खोटा आकडा लिहू? त्यापेक्षा जाऊ देत तळघरात."

हे बोलल्या खऱ्या, पण घरी गेल्यावर त्यांना घास गिळवेना. यजमानांनी आधी चेष्टा करून बघितली, मग चेष्टा थांबवली. यजमानांनी चेष्टा थांबवली म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे बाईंना तेव्हाच कळलं.

गुरुवारी दुपारी ताई नव्या पुस्तकातलं काहीतरी वहीत उतरवत होती. घरोघरच्या पाहण्या कशा होतात यावरचं पुस्तक. एकदम हसली. "बाई, हे ऐका. पाहणीवाला दारात जातो आणि विचारतो, तुमची बायको काय करते? नवरा म्हणतो, काही नाही, घरीच असते. आणि ती मागं काय करत असते? पाणी भरतेय, शेळ्या बघतेय, विड्या वळतेय. पण कागदावर काय, काही नाही! मग दुसऱ्या वेळी वेगळा पाहणीवाला गेला, तो त्या बायकोलाच बाजूला घेऊन बसला आणि विचारलं, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस ते सांग. तर कागद पुरेना."

बाईंच्या हातातलं फडकं थांबलं. "परत वाच बघू."

ताईनं परत वाचलं. बाई तडक उठल्या आणि जिना उतरून साहेबांच्या खोलीत गेल्या, दारावर टकटक करायचंही विसरल्या.

"साहेब, तुमची मोजणी चुकली नाही. तुमचा प्रश्न चुकला. तुम्ही टेबलाला विचारताय. माझ्या माणसांना विचारा."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं ना, माणूस चांगला होता. पण चोखही होता. "ठीक आहे. शनिवारी दुपारी मी वर येऊन बसतो. ज्यानं या पंधरवड्यात जे पुस्तक वापरलं, ते त्यानं मला सूची न बघता काढून दाखवायचं आणि आत काय वाचलं ते सांगायचं. तेवढीच धरीन. शंभराला एक जरी कमी पडलं तरी मी खोटं लिहिणार नाही, बाई."

"लिहा बघू! मीच लिहू देणार नाही."

शनिवारी तेवीस जण आले. शिंपी दुकान बंद करून आला, हजामत सुद्धा करून आला होता. साहेब टेबलाशी कागद घेऊन बसले. एवढा मोठा माणूस समोर बघून पहिली पाच मिनिटं सगळे एकमेकांनाच पुढं ढकलत होते. मग शिंप्यानं घसा खाकरला, उठला आणि कपाटाकडे न बघताच मागं हात नेला. "तिसरा कप्पा, डावीकडून पाचवं. मजुरीचं. पान दोनशे बारावर शिवणकामाचा तक्ता आहे, तो मी चार वेळा वाचला, कारण मला तो पटत नाही." पुस्तक हातात आलं ते निळ्या पुठ्ठ्याचंच. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

मग जी झुंबड उडाली! दर वेळी स्वतःच परत ठेवून ठेवून प्रत्येकाला कपाट तोंडपाठ झालेलं. कुणी म्हणे वरचा कप्पा, लाल जाड, त्याच्या शेजारी पातळ पांढरं. मास्तरांनी सात पुस्तकं काढली आणि सातही पुस्तकांतल्या बेरजेच्या चुका सांगितल्या. एक रिक्षावाला रस्त्यांच्या पुस्तकावर एवढा तावातावानं बोलायला लागला की त्याला खाली बसवावं लागलं. साहेब लिहिता लिहिता हसत होते, आणि बाई कोपऱ्यात उभ्या राहून पदराशी चाळा करत होत्या. आपली पोरं स्नेहसंमेलनात उभी राहिल्यावर आईचं होतं ना, तसं त्यांचं झालं होतं.

साडेपाचला साहेबांनी बेरीज केली आणि कागद मास्तरांकडे सरकवला. मास्तरांनी दोनदा तपासलं. "एक्क्याण्णव," ते म्हणाले. "बेरीज बरोबर आहे, दुर्दैवानं."

शिंपी हळूच म्हणाला, "साहेब, मी आणखी नऊ काढून दाखवतो की. कुठली पाहिजेत?"

"वाचलीस का ती या पंधरवड्यात?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग गप्प बस." बाईंनी साहेबांकडे बघून मान हलवली. "राहू द्या साहेब. एक्क्याण्णव म्हणजे एक्क्याण्णव. माझ्या माणसांना विचारलंत, मी भरून पावले."

"थांबा," ताई उभी राहिली. "साहेब, सगळ्यांना नाही विचारलंत तुम्ही. बाईंना कुठं विचारलंत?"

साहेब वळले. "खरंच की. बाई, या पंधरा दिवसांत तुम्ही कुठली पुस्तकं वाचलीत?"

"मी?" बाई हसल्याच. "छे हो! मी कुठं काय वाचते? मी तर इथं कामाला आहे."

ताईनं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. मग बाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तोंडावर हात गेला. "अगं बाई," त्या म्हणाल्या.

दुपारी दोन ते चार खोलीत शुकशुकाट असतो. त्या दोन तासांत सव्वीस वर्षं बाई काय करत होत्या? शिंप्याला पान दोनशे बारा कुणी सांगितलं होतं? त्या कपाटापाशी गेल्या आणि एकेका पुस्तकाच्या पाठीला बोट लावत गेल्या. "हे सोमवारी. हे दोन दिवस पुरलं. हे बुधवारी, आणि याचं चौथं प्रकरण साफ फसलंय साहेब, लेखकानं शहरात आलेल्या बायका मोजल्याच नाहीत..." आधी कुणी न काढलेल्या चौदाव्या पुस्तकावर बोट थांबलं. साहेबांनी त्यातल्या तिनांवर खोदून खोदून विचारलं. तिसऱ्यावर बाईंनी त्यांच्याशी वादच घातला, आणि जिंकल्या.

"एकशे पाच," मास्तर म्हणाले, कुणी बेरीज सांगायच्या आत.

साहेबांनी लिहायला पेन टेकवलं आणि थबकले. "बाई, तुमचा वाचक क्रमांक?"

बाईंकडे वाचक क्रमांक नव्हता. हजारभर लोकांचे अर्ज त्यांनी भरून घेतले होते, स्वतःचा भरायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. साहेब चोख माणूस. क्रमांकाशिवाय वाचक नाही. "मग आत्ता भरा," ते म्हणाले, आणि मामा म्हातारपण विसरून जिन्यावरून धावत कोरा अर्ज घेऊन आले. बाईंनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. खाली लिहिलं होतं, अर्जदार चांगला वाचक असल्याची दोन जुन्या वाचकांची ग्वाही.

शिंप्यानं पेन ओढून घेतलं. मग ताईनं. मग मास्तर म्हणाले, तिसरी सही नियमात बसत नाही, आणि तिसरी सही केली. मग रांगच लागली.

पुढच्या महिन्यात एक्केचाळीस पुस्तकं आली. अर्जावर जागा दोन सह्यांची आहे. बाईंचा अर्ज पालथा करून बघा, मागं-पुढं मिळून तेवीस आहेत.